ॲब्लेशननंतरची नाडी: वाढलेल्या आकड्याचा अर्थ

गेल्या दोनेक वर्षांत देशातील विज्ञान व आरोग्यविषयक बातम्यांत ‘पल्स्ड फील्ड ॲब्लेशन’ हे नाव वारंवार दिसू लागले आहे. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या हृदयतालाच्या विकारावरचा हा नवा उपचार भारतातील काही मोठ्या शहरांत उपलब्ध झाला आहे आणि ती आनंदाची गोष्ट आहे. मात्र या बातम्यांचा साचा एकच असतो. नवे यंत्र, कमी वेळ, टाके नाहीत, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी. बातमी रुग्णाला घराच्या दारापर्यंत पोहोचवते आणि संपते. पुढच्या तीन महिन्यांत त्याच्या हृदयाचा वेग कसा बदलेल, का बदलेल, त्यातले स्वाभाविक काय आणि धोक्याचे काय, याविषयी तिच्यात एक ओळही नसते.

या लेखात त्या तीन महिन्यांविषयी लिहायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ॲब्लेशननंतर विश्रांतीतील नाडी काही काळ वाढलेली राहणे हा बहुतेक वेळा उपचाराचाच परिणाम असतो. ही गोष्ट रुग्णाला आधी, आकड्यांत आणि लेखी सांगणे हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. आणि ते आकडे भारतीय रुग्णांना लागू पडायचे असतील, तर ते आपल्यालाच मोजावे लागतील. मी डॉक्टर नाही. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली संशोधक आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. एखाद्या मोजमापाचा अर्थ कसा लावावा, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम या विकाराविषयी थोडे. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील ‘सायनस नोड’ या पेशीसमूहातून विद्युत-स्पंद निघतो, तो अलिंदांतून पसरतो आणि ठराविक विलंबानंतर खालच्या निलयांपर्यंत पोहोचतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांतील ही शिस्त मोडते. तेथे एकाच वेळी अनेक तरंग विस्कळीतपणे फिरू लागतात, अलिंद आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात आणि नाडी अनियमित होते. रक्त साचून गुठळी होण्याचा व त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही गडबड सुरू करणारे ६९ उगमबिंदू त्यांना सापडले. त्यांपैकी ६५, म्हणजे ९४ टक्के, फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होते. या निष्कर्षाने उपचाराची दिशाच बदलली. मांडीच्या सांध्याजवळील शिरेतून कॅथेटर हृदयात न्यायचा आणि या शिरांच्या मुखांभोवती अशी वर्तुळाकार इजा करायची की आतून निघणारा विद्युत-स्पंद अलिंदात उतरूच नये, हे आजच्या ॲब्लेशनचे मूळ तत्त्व आहे. ही इजा रेडिओ-वारंवारितेच्या विद्युतप्रवाहाने ऊती तापवून करता येते, अतिशीत फुग्याने गोठवून करता येते, किंवा अलीकडच्या पद्धतीप्रमाणे उच्च विभवाच्या अतिलघु स्पंदांनी पेशींच्या पटलाला छिद्रे पाडून करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इजा शिरांच्या मुखाशी होते. नाडी ठरवणारा सायनस नोड तिथून दूर, उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात असतो. मग नाडी वाढते कशी?

या प्रश्नाच्या उत्तराचा पाया जुना आहे. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवून दिले की व्हेगस ही चेता उत्तेजित केली की हृदय मंदावते. १९०७ साली आर्थर कीथ आणि त्या वेळी वैद्यकशाखेचा विद्यार्थी असलेला मार्टिन फ्लॅक यांनी सायनस नोडचे वर्णन केले. १९२१ मध्ये ओटो ल्योवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून सिद्ध केले की व्हेगसचा हा परिणाम एका रासायनिक द्रव्यामार्फत होतो. या सर्वांतून तयार झालेले चित्र असे: सायनस नोड स्वतःच्या गतीने चालणारा दोलक आहे. अनुकंपी चेतासंस्था त्याचा वेग वाढवते आणि परानुकंपी चेतासंस्था, म्हणजे मुख्यतः व्हेगस, तो कमी करते. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा वरचष्मा व्हेगसचा असतो.

हा दोलक मोकळा सोडला तर किती वेगाने चालेल? १९७० साली होजे आणि कॉलिसन यांनी निरोगी व्यक्तींना प्रोप्रॅनोलॉल आणि ॲट्रोपिन ही दोन्ही औषधे देऊन अनुकंपी व परानुकंपी असे दोन्ही प्रभाव तात्पुरते बंद केले आणि उरलेला वेग मोजला. त्यातून निघालेले सूत्र अत्यंत साधे आहे: ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करा. तीस वर्षांच्या व्यक्तीसाठी उत्तर येते मिनिटाला सुमारे १०१ ठोके. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी सुमारे ८४. हा झाला हृदयाचा अंगभूत वेग. आपली विश्रांतीतील साठ-सत्तरची नाडी म्हणजे हृदयाची ‘मूळ’ गती नव्हे. ती सतत ब्रेक दाबून राखलेली गती आहे.

हृदय-प्रत्यारोपणात याचा स्पष्ट पुरावा मिळतो. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या चमूने भारतातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता कापलेल्या असतात, त्यामुळे व्हेगसचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा हृदयाचा विश्रांतीतील वेग सामान्यतः मिनिटाला ९० ते ११० असतो. त्यात बिघाड काहीच नसतो; ब्रेकची तार जोडलेली नसते, इतकेच.

ॲब्लेशनमध्ये याचीच सौम्य आवृत्ती घडते. व्हेगसचे तंतू थेट सायनस नोडवर उतरत नाहीत. हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर मेदाच्या थरांत चेतापेशींचे छोटे पुंजके असतात आणि व्हेगसचा निरोप या पुंजक्यांमार्फत पुढे जातो. यांतील काही महत्त्वाचे पुंजके नेमके फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखांजवळ असतात. मुखाभोवती उष्णता किंवा शीत पोहोचवताना अलिंदाच्या पातळ भिंतीपलीकडे असलेल्या या पुंजक्यांनाही झळ लागते. परिणामी ब्रेक काही प्रमाणात सैल होतो आणि नाडी आपल्या अंगभूत वेगाच्या दिशेने सरकते.

याच यंत्रणेचा कोणी हेतुपुरस्सर उपयोग करील का? केला गेला आहे. ब्राझीलमधील पाचोन व सहकाऱ्यांनी २००५ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. ज्यांना व्हेगसच्या अतिरेकी प्रभावामुळे वारंवार मूर्च्छा येते किंवा नाडी अतिमंद होते, अशा निवडक रुग्णांत हेच पुंजके लक्ष्य करून इजा करायची, अशी ती पद्धत. एका उपचारात जो आनुषंगिक परिणाम आहे, तोच दुसऱ्यात उद्दिष्ट आहे. कारण आणि परिणाम यांचा संबंध किती थेट आहे, हे यावरून लक्षात यावे.

प्रत्यक्षात वाढ किती होते? ज्यांचा ताल उपचाराआधीही बहुतेक वेळ नियमित होता, अशा रुग्णांत उष्णता किंवा शीत वापरून केलेल्या ॲब्लेशननंतर विश्रांतीतील नाडी सरासरीने मिनिटाला दहा ठोक्यांच्या आसपास वाढलेली आढळते. काहींत ती जवळजवळ तितकीच राहते, काहींत वीसने वाढते. पहिल्या काही दिवसांत भूल, शिरेतून दिलेले द्रव, दाह, वेदना आणि औषधांतील बदल यांचाही वाटा असतो. पुढील आठवड्यांत व महिन्यांत चेतातंतू काही प्रमाणात पुन्हा वाढतात आणि आलेख हळूहळू खाली येतो. काही रुग्णांत थोडी वाढ वर्षभरानंतरही टिकून राहते. ज्यांचे हृदय उपचाराआधी सतत फिब्रिलेशनमध्ये मिनिटाला शंभर-सव्वाशेने धावत होते, त्यांची नाडी मात्र उपचारानंतर कमी झालेली दिसेल. म्हणूनच ‘आधी किती होती’ हा आकडा विचारताना ‘आधी ताल कोणता होता’ हेही विचारले पाहिजे.

हे सारे हृदयतालाच्या तज्ज्ञांना ठाऊक आहे. पण ते रुग्णापर्यंत पोहोचते का?

प्रयोगशाळेतील माझा एक सहकारी मूळचा भुवनेश्वरचा. त्याच्या ५८ वर्षांच्या वडिलांवर एका मोठ्या शहरात ॲब्लेशन झाले. उपचार उत्तम झाला. घरी परतल्यावर मुलाने त्यांना मनगटी घड्याळ घेऊन दिले. पूर्वी त्यांची विश्रांतीतील नाडी ६२च्या आसपास असे. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ रोज सकाळी ८४ दाखवू लागले. त्यातच घड्याळ दररोज ‘तणाव जास्त’ आणि ‘शरीर सावरलेले नाही’ असे सांगत होते. रुग्णालयाने दिलेल्या चार पानी कागदात औषधे, पथ्य, मांडीच्या जखमेची काळजी, पुढच्या भेटीची तारीख असे सर्व होते. नाडी वाढू शकते, हे कुठेही नव्हते. गृहस्थांनी निष्कर्ष काढला की उपचार फसला. त्यांनी फिरणे बंद केले, जिना टाळला आणि पुढचे काही आठवडे बहुतांश वेळ खुर्चीत काढला. तपासणीत ईसीजी पूर्णपणे नियमित निघाला.

आता होजे-कॉलिसन सूत्र वापरून पाहा. ५८ गुणिले ०.५७ म्हणजे ३३.०६, ११८.१ मधून वजा केल्यास ८५. मूळ अभ्यासात पंचेचाळिशीपुढील व्यक्तींसाठी या उत्तराभोवती सुमारे १८ टक्क्यांचा पट्टा दिलेला आहे, म्हणजे साधारण ७० ते १००. या गृहस्थांची ८४ ही नाडी या पट्ट्याच्या मध्यावर आहे. अर्थात सूत्राने निदान होत नाही. ते ईसीजीनेच झाले. पण ‘ब्रेक सैल झालेल्या हृदयाकडून आपण काय अपेक्षा करावी’ या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या वजाबाकीने मिळू शकत होते, आणि ते उत्तर त्या चार पानांत एका ओळीत मावले असते.

घड्याळाच्या ‘तणावा’चीही उकल यातच आहे. निरोगी हृदयाचे दोन ठोक्यांमधील अंतर कधीच काटेकोर समान नसते. श्वास आत घेताना वेग किंचित वाढतो, सोडताना कमी होतो. हा लयबद्ध चढउतार प्रामुख्याने व्हेगसमुळे होतो. ब्रेक सैल झाला की चढउतारही घटतो. मनगटी उपकरणांतील गणनपद्धती या घटलेल्या चढउताराचा अर्थ ‘तणाव’ असा लावतात, कारण त्या ज्या लोकांच्या नोंदींवरून घडवल्या जातात, त्यांचे व्हेगस सहसा शाबूत असते. उपकरण खोटे बोलत नाही. ते वेगळ्या प्रणालीसाठी बनवलेला कोश वापरून या प्रणालीचा शब्द वाचते आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा परिचित वाटेल. १९२८ साली बाल्थाझार फान डेर पोल आणि फान डेर मार्क यांनी हृदयाच्या ठोक्यांचे वर्णन शिथिलन-दोलन म्हणून केले आणि त्यासाठी विद्युत-मंडलाचे प्रारूपही बनवले. अशा दोलकाचा वेग बदललेला दिसला, की दोन शक्यता असतात. एक, दोलक तोच आहे, पण त्याच्यावर बाहेरून पडणारा भार वाढला आहे. दोन, दोलकाच्या समीकरणातील एखादा प्राचल बदलला आहे. बाहेरून पाहिल्यास दोन्हींत आकडा एकच दिसतो. सर्वसामान्य लोकसंख्येत विश्रांतीतील वाढलेली नाडी हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याशी निगडित आढळते. ती बहुधा पहिल्या प्रकारची गोष्ट असते, म्हणजे व्यायामाचा अभाव, ताप, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, दुबळे हृदय. ॲब्लेशननंतरची वाढ दुसऱ्या प्रकारची आहे. पहिल्या संदर्भातील भीती दुसऱ्या संदर्भात उचलून आणणे म्हणजे एका प्रयोगाचे अंशांकन दुसऱ्या प्रयोगाला लावणे होय.

तथापि याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘ॲब्लेशननंतर नाडी वाढतेच’ हे वाक्य ऐकून कोणी निर्धास्त झाला, तर तेही घातक ठरू शकते. वाढलेल्या नाडीमागे सायनस नोड नसेल तर? ॲब्लेशननंतर काही रुग्णांत अलिंदातील विद्युत-तरंग एखाद्या बंद मार्गावर वर्तुळाकार फिरू लागतो. समजा अलिंदात मिनिटाला २४० फेऱ्या होत आहेत आणि दर दोनपैकी एकच स्पंद खाली निलयांपर्यंत पोहोचतो आहे. नाडी येईल १२०. हा वेग फेरीच्या मार्गाची लांबी आणि तरंगाची गती यांवरून ठरतो. व्हेगस किंवा जिना यांचे त्याच्यावर फारसे चालत नाही.

यातूनच एक उपयुक्त खूण मिळते. सायनस नोडची वाढलेली नाडीसुद्धा झोपेत उतरते, चालताना चढते, बसल्यावर काही मिनिटांत पुन्हा खाली येते. बंद मार्गावरील तरंगाची नाडी तासन्‌तास जवळजवळ एकाच आकड्यावर खिळून राहते, मध्यरात्री ११९ आणि दुपारी १२०, किंवा एकाएकी उडी मारून ६० वा ८० होते. म्हणून एकटा आकडा पाहण्यापेक्षा त्याचे चोवीस तासांतील वर्तन पाहणे महत्त्वाचे. सरासरीइतकीच विचलनालाही किंमत असते, हे आपण पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत शिकतो. येथे ते जिवाशी जोडलेले आहे. अर्थात अंतिम निर्णय ईसीजीचा. ताल अनियमित असेल तर मनगटावरील प्रकाशीय संवेदक काही ठोके गाळतो, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत जाणवेल इतके रक्त ढकलतोच असे नाही.

आकड्यापलीकडच्या काही खुणा तर वाट पाहण्याच्या नाहीतच. छातीत तीव्र वेदना, वाढता दम, मूर्च्छा, बोलण्यात किंवा हातापायांत अचानक आलेला दुबळेपणा, मांडीतून रक्तस्राव, आणि उपचारानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ताप किंवा गिळताना वेदना. यांपैकी काहीही झाले तर घड्याळ बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे आणि ॲब्लेशन झाले असल्याचे तिथे आवर्जून सांगावे. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र होणे ही गुंतागुंत अत्यंत विरळ आहे, पण ओळखण्यास उशीर झाला तर प्राणघातक आहे. तसेच नाडी छान दिसते म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करणे हाही मोठा धोका आहे. ताल कसाही असो, ते औषध किमान दोन ते तीन महिने घ्यावेच लागते आणि पुढचा निर्णय पक्षाघाताच्या जोखमीवरून होतो.

नव्या तंत्रज्ञानाचा संदर्भ येथे येतो. पल्स्ड फील्ड पद्धतीत ऊती तापवून मारायच्या नसतात. विद्युतक्षेत्राने पेशीपटलाला छिद्रे पाडायची असतात. हृदयस्नायूच्या पेशी ज्या क्षेत्राला बळी पडतात, त्याहून बरेच तीव्र क्षेत्र चेतापेशींना मारण्यासाठी लागते. त्यामुळे शिरांच्या मुखाजवळचे पुंजके पुष्कळ अंशी वाचतात आणि अनेक अभ्यासांत या पद्धतीनंतर नाडीतील वाढ कमी किंवा अल्पकाळ टिकणारी आढळली आहे.

याचे दोन परिणाम संभवतात. उष्णता वापरून केलेल्या ॲब्लेशनबाबत काही निरीक्षणात्मक अभ्यासांत असे दिसले होते की ज्यांची नाडी अधिक वाढली, त्यांच्यात विकार परतण्याचे प्रमाण कमी होते. सर्व अभ्यास मात्र याबाबत एकमुखी नाहीत. ही वाढ म्हणजे यशाची खूण, असा समज त्यातून पसरला. नव्या पद्धतीत ही खूण लागू पडेलच असे नाही: नाडी वाढली नाही, तरी उपचार यशस्वी असू शकतो. उलट, नव्या पद्धतीनंतर नाडी बरीच वाढून तशीच राहिली, तर जुन्या अनुभवावर विसंबून ‘हे होतेच’ म्हणण्याआधी कारण शोधले पाहिजे. साधन बदलले की अपेक्षित आलेखही बदलतो. मूल्यमापनाच्या मुदतीही बदलत असतात. ॲब्लेशननंतर पहिले तीन महिने तालातील गडबड अपयश म्हणून मोजू नये, असा संकेत दीर्घकाळ होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-निवेदनात ही मुदत आठ आठवड्यांवर आणली गेली.

आता आपल्या देशाकडे पाहू. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशभरातील २४ केंद्रांतून एट्रियल फिब्रिलेशनच्या १५३७ रुग्णांची नोंद केली. त्यांचे सरासरी वय ५४.७ वर्षे होते आणि जवळपास निम्म्या, म्हणजे ४७.६ टक्के रुग्णांना संधिवाताच्या तापातून उद्भवलेला हृदयझडपांचा विकार होता. पाश्चात्त्य देशांतील नोंदींत रुग्णांचे वय साधारण दशकभर अधिक असते आणि अशा झडपविकाराचे प्रमाण फारच कमी. ॲब्लेशनच्या मोठ्या चाचण्यांत तर हे रुग्ण बहुधा आधीच वगळलेले असतात.

दशकभराचा फरक क्षुल्लक नव्हे. त्याच सूत्राने, वय दहा वर्षांनी कमी म्हणजे अंगभूत वेग ५.७ ठोक्यांनी अधिक. म्हणजे ब्रेक तितकाच सैल झाला, तरी भारतीय रुग्णाची नाडी युरोपातील रुग्णापेक्षा पाच-सहा ठोक्यांनी वर स्थिरावण्याची शक्यता आहे. हा केवळ अंदाज आहे. रक्तक्षय, उष्ण हवामान, मधुमेहामुळे आधीच दुबळ्या झालेल्या चेता असे इतर घटक त्याला कोणत्या बाजूला झुकवतील, हे मोजूनच कळेल. आपण मात्र परदेशी पट्टी आपल्या रुग्णाच्या मनगटावर ठेवतो.

मोजण्याची क्षमता आपल्याकडे नाही असे नाही. हृदयस्नायूतील सर्पिल तरंगांचे गतिशास्त्र या विषयात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल पंडित, चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधील सिताभ्र सिन्हा आणि त्यांचे सहकारी यांनी जागतिक दर्जाचे काम केले आहे. उणीव आहे ती सैद्धांतिक भौतिकी आणि रुग्णालयातील नोंदवही यांच्यामधल्या पुलाची.

हा पूल किती साधा असू शकतो, याचे एक उदाहरण देते. बॉस्टनमधील एका रुग्णालयात १९७५ ते १९७९ दरम्यान केलेल्या नोंदींतून ४७ व्यक्तींचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ ईसीजी-तुकडे निवडले गेले, त्यांतील प्रत्येक ठोका तज्ज्ञांनी तपासून चिन्हांकित केला आणि १९८० पासून हा संग्रह संशोधकांना उपलब्ध झाला. ‘एमआयटी-बीआयएच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहावर जगभरातील गणनपद्धती आजही पारखल्या जातात. ४८ तुकडे! भारतात एखाद्या वर्षात होणाऱ्या ॲब्लेशनपैकी काहीशे रुग्णांनी, संमतीने आणि ओळख पुसून, उपचाराआधीचा एक आठवडा आणि नंतरचे बारा आठवडे यांची नाडीची नोंद दिली, तर वय, लिंग, झडपविकार आणि उपचाराची पद्धत यांनुसार अपेक्षित आलेख काढता येईल. सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा-संरक्षण कायदा आहे. चौकट उभी आहे. गरज आहे ती कोणीतरी हा प्रश्न प्रश्न म्हणून मांडण्याची.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की आकडे दिले तर रुग्ण अधिक चिंतातुर होईल, दिवसातून चाळीस वेळा नाडी पाहील. पण आकडा आता डॉक्टरांच्या ताब्यात उरलेला नाही. दोन-तीन हजारांचे घड्याळ तो दर काही मिनिटांनी देतच असते. रुग्णाकडे आकडा आहे, फक्त त्याचा अर्थ नाही. आणि चिंता त्या रिकाम्या जागेत वाढते. दुसरा आक्षेप असा की बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला पाच मिनिटेही मिळत नाहीत, हे सारे समजावणार कोण? म्हणूनच मी भाषण सुचवत नाही, कागद सुचवते. एकदा छापलेला कागद कोणाचाही वेळ घेत नाही.

त्या कागदावर चार ओळी पुरेत, आणि त्या रुग्णाच्या भाषेत असाव्यात: ओडिया, तमिळ, हिंदी, मराठी, जी असेल ती. पहिली ओळ: उपचाराआधी नियमित तालात तुमची नाडी इतकी होती. दुसरी: घरी जाताना ती इतकी आहे, आणि पुढचे काही आठवडे ती या पट्ट्यात राहिली तर ते अपेक्षित आहे. तिसरी: विश्रांतीत ती या आकड्याच्या वर किंवा खाली गेली, अथवा तासन्‌तास एकाच वेगावर अडकली, तर ईसीजी काढा आणि या क्रमांकावर कळवा. चौथी: ही लक्षणे दिसली तर नाडी न पाहता थेट रुग्णालयात या. आकडे अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या-त्या रुग्णासाठी भरायचे.

विज्ञानविषयक बातम्या लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. पुढच्या वेळी ‘देशात प्रथमच’ असा मथळा देताना संबंधित डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: रुग्ण घरी गेल्यानंतर तीन महिन्यांत काय होते? यंत्राचा वेग मोजणे सोपे आहे. उपचाराचे मोल मात्र रुग्ण पुन्हा जिना चढू लागतो की नाही, यावर ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी यात एक प्रत्यक्ष काम आहे. घरातील पाच निरोगी व्यक्तींची नाडी, त्यांच्या संमतीने, सकाळी उठल्याबरोबर, जिना चढल्यावर लगेच आणि त्यानंतर दर मिनिटाला पाच मिनिटे मोजा. मनगटावर बोट ठेवून मोजा, घड्याळ असल्यास दोन्ही आकडे लिहा. आलेख काढा. प्रत्येकाची नाडी किती वेगाने उतरते, ते पाहा. त्या उताराच्या पहिल्या मिनिटात तुम्हाला व्हेगस काम करताना दिसेल. मग त्यांच्या वयावरून अंगभूत वेग काढा आणि तो सकाळच्या नाडीशी ताडून पाहा. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे आपल्या शरीराने रात्रंदिवस, आपल्याला न कळवता दाबून धरलेला ब्रेक. ज्याच्यावर ॲब्लेशन झाले आहे, त्याच्यात हे अंतर काही काळ कमी झालेले असते. एवढे समजले, तरी तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घाबरलेल्या रुग्णाला, त्याच्या डॉक्टरांकडे जाताना कोणता प्रश्न विचारावा, हे तुम्ही नक्की सांगू शकाल.